पोटदुखी जन्मापासूनची असेल तर



कन्नड तालुक्यातल्या एका भिल्ल वस्तीवर एक मुलगी दोन वर्षे पोट धरून बसायची. दुखायचे, थांबायचे, पुन्हा दुखायचे. घरच्यांनी पोटावर डाग दिले. मी जंताची गोळी दिली, प्रार्थना केली आणि निघून आलो. एका सकाळी तिला हिरवी उलटी झाली, तेव्हा कुठे आम्ही तिला छत्रपती संभाजीनगरला आणले. आतड्याला पीळ पडला होता. ऑपरेशन वेळेत झाले. आता ती शाळेत जाते.

डॉक्टरांनी मला कारण समजावले. गर्भात सहाव्या आठवड्याच्या सुमारास आतडे नाळेत उतरते आणि दहाव्याच्या सुमारास वळण घेत पोटात परतते. हे वळण अपुरे राहिले, तर आतडे जागेवर पक्के बसत नाही आणि पुढे केव्हाही पीळ पडू शकतो. बहुतेकांना पहिल्या महिन्यातच त्रास होतो. काहींना मात्र वर्षानुवर्षे अधूनमधून नुसते दुखते.

जन्मजात कारणे आणखीही आहेत. पित्तनलिका फुगलेली असली, तर दुखण्याबरोबर कावीळ होऊ शकते. मुलींमध्ये हा दोष जास्त आढळतो. आतड्याला मेकेलची पिशवी सुमारे २ टक्के लोकांना असते. ती क्वचितच त्रास देते, पण दिला तर शौचातून रक्त जाऊ शकते. सिकलसेल हा रक्ताचा आजार आईवडिलांकडून येतो आणि आदिवासी समाजात अधिक दिसतो. त्यातही पोटात कळा येतात. रक्ततपासणीत तो कळतो.

घाबरून जाऊ नका. बहुतेक मुलांच्या पोटदुखीमागे असा दोष नसतो. बद्धकोष्ठ, जंत किंवा मनातली धास्तीही असते. पण कावीळ, शौचात रक्त, घटते वजन किंवा झोपेतून उठवणारी कळ असेल, तर डॉक्टरांना दाखवा. हिरवी उलटी झाली, तर त्याच क्षणी निघा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी होते. पुढचे उपचारही मोफत असतात. अडते ते गाडीभाड्यावर आणि आईच्या बुडणाऱ्या मजुरीवर. तुमची देणगी तिथे कामी येते.

प्रार्थना मी आजही करतो. पण आधी विचारतो, "बाई, उलटीचा रंग कोणता होता?"