अनुबंधाधिष्ठित मानसोपचार

बालक व त्याचे संगोपन करणारी व्यक्ती यांच्यात आयुष्याच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत जो भावनिक बंध निर्माण होतो, त्यास मानसशास्त्रात अनुबंध म्हणतात. या बंधाचा ठसा पुढील नातेसंबंधांवर उमटतो, हे गृहीत धरून उपचारक आणि रुग्ण यांच्यातील विश्वासाच्या नात्याच्या आधारे जे उपचार केले जातात, त्यांना अनुबंधाधिष्ठित मानसोपचार ही संज्ञा आहे. ही एकच ठरावीक पद्धती नसून एकाच उपपत्तीवर उभारलेल्या अनेक पद्धतींचे ते समुच्चयवाचक नाव आहे. काही मराठी लेखक अनुबंधास ‘आसक्ती’ म्हणतात. परंतु अध्यात्मविचारात त्या शब्दाला त्याज्यतेची छटा आहे आणि येथे अभिप्रेत असलेली गोष्ट तर बालकाच्या जगण्याचीच गरज होय.

उपपत्ती : या विचाराचा पाया ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी (१९०७–९०) यांनी घातला. चोरी करणाऱ्या ४४ मुलांचा त्यांचा अभ्यास १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील १४ मुले कोणाविषयीही माया न वाटणारी अशी होती आणि त्या १४ पैकी १२ मुलांची बालपणीच आईपासून दीर्घकाळ ताटातूट झाली होती. निदान स्वतः बोल्बींनीच केलेले असल्यामुळे या अभ्यासावर पुढे योग्य ती टीका झाली. तथापि त्याने उपस्थित केलेला प्रश्न टिकून राहिला. जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ मध्ये त्यांनी मातृवंचित बालकांविषयी अहवाल लिहिला. त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात एकट्या ठेवलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर १९५२ मध्ये एक बोलपट तयार केला. त्या काळी ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांत आईबापांना मुलांना भेटण्यास फारच थोडी सवड मिळे. मूल दोन दिवसांनी रडायचे थांबले, की ते ‘रुळले’ असे परिचारिका समजत; रॉबर्टसन यांच्या मते ते रुळलेले नसून निराश झालेले असे. १९५९ च्या प्लॅट समितीने मुलांना भेटण्यावरील निर्बंध काढण्याची शिफारस केली.

बाळ आईला बिलगते ते दूध मिळते म्हणून, अशी तोवरची समजूत होती. उत्तर भारतात सर्वत्र आढळणाऱ्या ऱ्हीसस जातीच्या माकडांवर हॅरी हार्लो यांनी अमेरिकेत प्रयोग केले (१९५८). तारेची एक आणि मऊ कापडाची एक, अशा दोन कृत्रिम माता पिलांसमोर ठेवल्या, तेव्हा दूध तारेच्या मातेकडे असूनही पिले बहुतेक वेळ कापडाच्या मातेला बिलगून राहिली. या प्रयोगांत पिलांचे झालेले हाल आज कोणतीही नीतिसमिती मान्य करणार नाही.

उपपत्तीला निरीक्षणाची जोड मेरी एन्स्वर्थ (१९१३–९९) यांनी दिली. त्यांनी प्रथम युगांडात व नंतर अमेरिकेतील बाल्टिमोर येथे घरोघरी जाऊन माता व बालके यांचे निरीक्षण केले. त्यांनी योजलेली ‘अपरिचित परिस्थिती’ ही चाचणी सु. २० मिनिटांची असते. वर्षभराच्या बाळाला अनोळखी खोलीत ठेवून आई दोनदा बाहेर जाते व परत येते. आई गेल्यावर बाळ किती रडते, यापेक्षा ती परतल्यावर ते काय करते, याला महत्त्व असते. सुरक्षित अनुबंध असलेले बाळ तिच्याकडे झेपावते, शांत होते आणि पुन्हा खेळू लागते. दुसऱ्या प्रकारचे बाळ तिच्याकडे पाठ फिरवते. ते निर्विकार दिसले, तरी त्याच्या हृदयाची गती वाढलेली असते. तिसरे बिलगतेही आणि रागाने ढकलतेही. चौथा, विस्कळित प्रकार मेरी मेन व जुडिथ सॉलोमन यांनी १९८६ मध्ये नोंदविला. ज्या व्यक्तीकडे आधारासाठी धावायचे तिचीच भीती वाटत असल्यास बाळाची अशी अवस्था होऊ शकते.

बोल्बींच्या आरंभीच्या लेखनातून ‘आईने घराबाहेर काम करू नये’ असा निष्कर्ष अनेकांनी काढला. तो पुढील संशोधनाने टिकला नाही. केवळ पाळणाघरात ठेवल्यामुळे अनुबंध बिघडतो, असे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या पाहणीत आढळले नाही. आजी, आत्या, काकू यांच्या अंगाखांद्यावर वाढलेले मूल एकाहून अधिक व्यक्तींशी अनुबंध जोडते. त्यात उणे काही नाही. तसेच बालपणीचा अनुबंध म्हणजे ललाटलेख नव्हे.

प्रौढांतील अनुबंध : उपचाराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा शोध मेन व त्यांचे सहकारी यांनी १९८५ च्या सुमारास तयार केलेल्या प्रौढांच्या मुलाखतीतून लागला. या मुलाखतीत व्यक्तीला बालपण सांगण्यास लावतात. काय घडले यापेक्षा ते कसे सांगितले जाते, याचे परीक्षण होते. ‘आमचे वडील फार प्रेमळ’ असे सांगून एकही प्रसंग न आठवणारी व्यक्ती आणि तीस वर्षांपूर्वीच्या अपमानाविषयी सांगताना काल घडल्यासारखी संतापाने वाहवत जाणारी व्यक्ती, या दोघींचेही निवेदन असुरक्षित मानले जाते. उलट, मार, उपेक्षा किंवा पोरकेपण वाट्याला आलेली एखादी व्यक्ती ते सर्व सुसंगतपणे सांगू शकते. कोणाचे काय चुकले हे तिला समजलेले असते आणि स्वतःचे दोषही दिसतात. अशा सुरक्षिततेस ‘अर्जित सुरक्षितता’ म्हणतात. भूतकाळ बदलता येत नाही, परंतु त्याच्याशी असलेले नाते बदलू शकते, या शक्यतेवरच हे उपचार उभे आहेत.

उपचारांचे स्वरूप : बोल्बींनी १९८८ मध्ये उपचारकाची मुख्य कामे सांगितली. पहिले काम स्वतः सुरक्षित आधारस्थान होण्याचे. बाकीची सर्व त्यावर अवलंबून असतात. पुढे रुग्णाची आजची नाती, उपचारकाशी असलेले त्याचे वागणे आणि बालपणीचे अनुभव यांचा एकमेकांशी संबंध पाहिला जातो व एके काळी उपयोगी पडलेल्या समजुती आता लागू पडतात काय, याचा विचार होतो. उदा., उपचारक दोन आठवडे रजेवर गेला आणि परतल्यावर रुग्ण उशिरा येऊन ‘मला काही फरक पडला नाही’ असे म्हणाला, तर उपचारक रागावत नाही आणि ते सोडूनही देत नाही. दूर जाणाऱ्या माणसाची गरजच नाही असे दाखविण्याची सवय कोठे लागली, हे दोघे मिळून शोधतात. नात्यातील अशी लहानशी फूट आणि तिची दुरुस्ती हाच उपचाराचा गाभा होय. हे काम संथ असते. त्यास कित्येक महिने, क्वचित वर्षेही लागतात.

दांपत्यांसाठी स्यू जॉन्सन व लेस्ली ग्रीनबर्ग यांनी कॅनडात १९८० नंतरच्या दशकात भावनाकेंद्रित उपचारपद्धती विकसित केली. लंडनमध्ये पीटर फोनागी व अँटनी बेटमन यांनी स्वतःच्या व दुसऱ्याच्या मनाचा वेध घेण्याची क्षमता वाढविणारी पद्धती तयार केली. लहान मुलांच्या बाबतीत बहुधा आई किंवा वडील व मूल यांच्यावर एकत्रच उपचार करतात. तीव्र नैराश्य, भ्रम किंवा व्यसन असल्यास औषधोपचारांची जोड लागते. अनुबंधाची चर्चा त्यांना पर्याय ठरत नाही.

नामसादृश्याचा धोका : अनुबंधाच्या नावाखाली, मुख्यतः अमेरिकेत, दत्तक मुलांना बळाने दाबून धरण्याचे, डोळ्यांत पाहण्याची सक्ती करण्याचे आणि त्यांचा प्रतिकार मोडून काढण्याचे प्रकार चालत. कोलोरॅडो राज्यात एप्रिल २००० मध्ये दहा वर्षांच्या एका दत्तक मुलीला ‘पुनर्जन्म’ देण्याच्या नावाखाली चादरीत गुंडाळून मोठ्या माणसांनी दाबून ठेवले. श्वास घेता येत नाही असे ती सांगत असतानाही तिला सोडले नाही व ती गुदमरून मरण पावली. दोघी उपचारिकांना २००१ मध्ये तुरुंगवास झाला आणि त्या राज्यात या प्रकारावर कायद्याने बंदी आली. बोल्बी व एन्स्वर्थ यांच्या विचाराशी याचा काडीचाही संबंध नाही, किंबहुना तो त्याच्या नेमका उलट आहे. कारण सुरक्षितता सक्तीने निर्माण होत नाही. मुलाला जखडून ठेवण्याचा सल्ला देणाऱ्या उपचारकाकडे पालकांनी पुन्हा जाऊ नये.

उपचारकाची निवड : मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असून तो औषधे देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते व ती पडताळून पाहता येते. समुपदेशक या नावाखाली मात्र भारतात अत्यंत भिन्न पात्रतेच्या व्यक्ती काम करीत आल्या आहेत. केवळ दारावरील पाटी पाहून काहीच ठरत नाही. शिक्षण कोठे झाले, अनुबंधविचाराचे प्रशिक्षण कोणाकडे घेतले, स्वतःच्या कामावर ज्येष्ठांचे मार्गदर्शन घेता काय, शुल्क किती, गुप्ततेच्या मर्यादा कोणत्या, हे प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावेत. चांगला उपचारक त्यांनी दुखावत नाही. तातडीच्या वेळी केंद्र शासनाच्या १४४१६ या दूरध्वनी-सेवेवर (२०२२ पासून) मराठीतूनही बोलता येते.

पहिल्या तीन-चार बैठकींत सर्व मन मोकळे होईल, अशी अपेक्षा धरू नये. विश्वास न टाकता येणे हीच अनेकांची तक्रार असते. मात्र न पटलेली गोष्ट उपचारकाला सांगता येते काय आणि सांगितल्यावर तो ती ऐकून घेतो काय, हे लवकरच कळते. ते होत नसल्यास उपचारक बदलण्यात गैर नाही. उपचारकाने रुग्णाशी मैत्री, व्यवहार किंवा शरीरसंबंध जोडणे सर्वस्वी निषिद्ध होय. उपचार संपविण्याची तारीख बहुधा दोघे मिळून आधीच ठरवितात आणि शेवटच्या काही बैठकी निरोपासाठीच राखून ठेवल्या जातात.