चालत्या पट्ट्याची साक्ष

‘टीएमटी पॉझिटिव्ह आली’ असे कळले की घरात अँजिओग्राफीची बोलणी सुरू होतात, आणि ‘निगेटिव्ह आली’ म्हटले की सगळे निर्धास्त होतात. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून काढलेला ईसीजी, हृदयविकाराचा निकाल देत नाही. त्या माणसात विकाराची आधीच जी शक्यता असते ती वाढवतो किंवा घटवतो. म्हणून या तपासणीचे मोल ठरवताना यंत्राइतकेच पट्ट्यावर कोण चढले आहे हेही पाहावे लागते.

तिचा पाया मात्र भक्कम आहे. हृदयाचा स्नायू विश्रांतीतसुद्धा मिळालेल्या रक्तातला सुमारे ७० टक्के प्राणवायू काढून घेतो. श्रम वाढले की त्याला जास्त रक्तच लागते, आणि निरोगी कॉरोनरी धमन्या प्रवाह चार-पाच पटींनी वाढवून ते पुरवतात. धमनी निम्म्याहून अधिक अरुंद झाली की ही वाढ खुंटू लागते. पण बसल्या जागी पुरेल इतका प्रवाह ८५-९० टक्के अरुंद झालेल्या धमनीतूनही चालू राहू शकतो. त्यामुळे गंभीर विकार असूनही साधा ईसीजी निर्दोष दिसतो. चालायला लावले की पहिली झळ स्नायूच्या आतल्या थराला बसते आणि ईसीजीतला एसटी भाग खाली सरकतो. तो आडवा किंवा उतरता राहून १ मिलिमीटर वा अधिक खाली गेला, तर तपासणी पॉझिटिव्ह धरतात. आर्थर मास्टर यांनी १९२९ मध्ये श्रमचाचणीसाठी दोन पायऱ्यांची चढउतार वापरली होती. सिअ‍ॅटलच्या रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ मध्ये ट्रेडमिलची टप्प्याटप्प्यांची पद्धत मांडली. तीत दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात: पहिल्या टप्प्यात ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ, चौथ्यात ६.८ किलोमीटर आणि १६ टक्के. श्रमाला असे ठरीव माप मिळाल्यामुळे एका रुग्णाची दुसऱ्याशी तुलना करता येऊ लागली.

आता अचूकतेकडे वळू. १९८९ मध्ये १४७ अभ्यासांमधील सुमारे २४,००० रुग्णांची माहिती एकत्र केली गेली. तीत या तपासणीने सरासरी ६८ टक्के रोगी पकडले आणि ७७ टक्के निरोगी माणसांना निरोगी ठरवले. हेच आकडे दोन गटांना लावून पाहा. कसलाही त्रास नसलेल्या १,००० जणांत ५० रोगी आहेत असे धरले, तर त्यांतले ३४ सापडतील. पण ९५० निरोगी लोकांपैकी सुमारे २१९ जणांचाही अहवाल पॉझिटिव्ह येईल. म्हणजे दर आठ पॉझिटिव्हमागे खरा रोगी जेमतेम एक. उलट चढ चढताना छाती भरून येणाऱ्या, निम्मे रोगी असलेल्या १,००० जणांत ४५५ अहवाल पॉझिटिव्ह येतील आणि त्यांतले ३४० खरे असतील. यंत्र तेच, रेषाही तीच, पण अर्थ पार बदलला.

‘चालायचेच तर आहे, केली तपासणी तर बिघडले कुठे?’ असा प्रश्न येतो. बिघडते ते पुढे. खोट्या पॉझिटिव्हमागे धास्ती येते, खर्च येतो आणि गरज नसलेली, धमनीत नळी घालून करायची अँजिओग्राफीही येऊ शकते. निगेटिव्ह अहवालाचा दिलासाही पक्का नसतो. अनेक झटके प्रवाह फारसा न अडवणारा चरबीचा थर अचानक फुटून येतात, आणि असा थर ट्रेडमिलला दिसत नाही. अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा कार्यदलाने २०१८ मध्ये, लक्षणे नसलेल्या आणि कमी जोखमीच्या प्रौढांना ही तपासणी करू नये असा सल्ला दिला, तो यासाठीच. आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये ती सरसकट घालणे मला म्हणूनच अयोग्य वाटते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सीटी अँजिओग्राफी असताना ट्रेडमिल कशाला? धमनीतला थर पाहण्यात सीटी सरस आहे, हे मान्यच करायला हवे. स्कॉटलंडमधील ‘स्कॉट-हार्ट’ अभ्यासात नेहमीच्या तपासण्यांना सीटीची जोड दिलेल्या गटात पाच वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा झटका येण्याचे प्रमाण २.३ टक्के होते, जोड न दिलेल्या गटात ३.९ टक्के. पण सीटी धमनी दाखवते. हृदय किती श्रम पेलते, हे ट्रेडमिल सांगते. ड्यूक विद्यापीठाच्या गुणांकनात चाललेली मिनिटे, एसटीचा बदल आणि छातीतले दुखणे एकत्र मोजतात. १९९१ च्या त्यांच्या अभ्यासात कमी जोखमीच्या गटातले ९९ टक्के रुग्ण चार वर्षांनी हयात होते, जास्त जोखमीच्या गटातले ७९ टक्के. एवढे भाकीत मुख्यतः चालण्यातून मिळते, हे या साध्या यंत्राचे खरे बळ आहे.

म्हणून चालता येणाऱ्या, साधा ईसीजी वाचण्याजोगा असलेल्या आणि लक्षणांमुळे शंका असलेल्या माणसासाठी ट्रेडमिल आजही उपयोगी आहे. ज्यांच्या ईसीजीत डावा बंडल ब्लॉक आहे किंवा ज्यांना पेसमेकर बसवला आहे, त्यांच्यासाठी दुसरी तपासणी निवडावी. आणि अहवाल हाती आल्यावर पॉझिटिव्ह-निगेटिव्हच्या आधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात: तपासणी कोणत्या शंकेमुळे सांगितली, किती मिनिटे चालणे झाले आणि ते कशामुळे थांबले. ही उत्तरे मिळाल्याशिवाय अँजिओग्राफीचा निर्णयही घेऊ नये आणि निर्धास्तही होऊ नये.