मक्याचा प्रवास आणि मागे राहिलेली परंपरा : ‘निक्स्टमल’ प्रक्रियेचा सांस्कृतिक अभ्यास

बीजसंज्ञा : मका, निक्स्टमल, अन्नसंस्कृती, पेलाग्रा, पारंपरिक ज्ञान

प्रस्तावना

कोणत्याही समाजाच्या अन्नपरंपरेचा विचार करताना धान्य, पदार्थ, सण आणि विधी यांची नोंद आवर्जून घेतली जाते. धान्यावर करावयाची प्रक्रिया मात्र स्वयंपाकघरातील नित्याची बाब म्हणून दुर्लक्षित राहते. वस्तुतः अनेक पिढ्यांच्या निरीक्षणातून सिद्ध झालेले ज्ञान या प्रक्रियेतच साठवलेले असते. धान्य एका भूमीतून दुसऱ्या भूमीत गेले आणि हे ज्ञान मागे राहिले, तर काय घडते, याचे ठळक उदाहरण म्हणजे मका होय. प्रस्तुत लेखात मध्य अमेरिकेतील ‘निक्स्टमल’ प्रक्रियेचे स्वरूप, तिचा सांस्कृतिक आधार आणि तिच्या अभावी उद्भवलेले परिणाम यांचे विवेचन केले आहे.

मक्याचे मूळ व धार्मिक स्थान

मका ही मेक्सिकोच्या नैर्ऋत्य भागातील बाल्सास नदीच्या खोऱ्याची देणगी मानली जाते. सुमारे ९,००० वर्षांपूर्वी तेथील लोकांनी ‘तेओसिंते’ या रानगवतापासून हे पीक घडविले. मका, घेवडा आणि भोपळा ही पिके एकाच शेतात घेण्याची ‘मिल्पा’ ही पद्धत या प्रदेशात रूढ झाली आणि शेतातील ही सोबत ताटातही कायम राहिली.

या धान्याला लाभलेले पावित्र्य तेथील पुराणकथांतून स्पष्ट होते. ग्वाटेमालातील किचे माया लोकांच्या ‘पोपोल वुह’ या ग्रंथानुसार देवांनी माणूस प्रथम मातीचा आणि नंतर लाकडाचा घडविला. परंतु हे दोन्ही प्रयत्न फसले. अखेर पिवळ्या व पांढऱ्या मक्याच्या पिठापासून मनुष्य निर्माण झाला. या कथेत मका दळणारी श्मुकाने ही आदिमाता आहे, ही बाब लक्षणीय ठरते. निर्मितीच्या कथेतही धान्याइतकेच स्थान ते दळणाऱ्या स्त्रीला दिलेले आहे.

निक्स्टमल : संज्ञा व प्रक्रिया

‘निक्स्टमल’ हा शब्द नाहुआत्ल भाषेतील राख आणि मळलेले पीठ या अर्थाच्या दोन शब्दांपासून बनला आहे. मक्याचे वाळलेले दाणे चुन्याच्या किंवा लाकडाच्या राखेच्या पाण्यात शिजवून रात्रभर त्यातच भिजत ठेवले जातात. सकाळी ते धुतले की सुटलेली साल निघून जाते. हे ओले दाणे ‘मेताते’ या उतरत्या दगडी पाट्यावर वाटून त्याचा गोळा करतात. त्यापासून तव्यावर भाजलेली टॉर्टिया आणि मक्याच्या किंवा केळीच्या पानात गुंडाळून उकडलेले तमाल सिद्ध होतात. या प्रक्रियेसाठी वापरलेल्या साधनांचे सर्वांत जुने पुरावे ग्वाटेमालाच्या दक्षिण किनाऱ्यावर सापडले असून ते इ. स. पूर्व १५०० ते १२०० या काळातील मानले जातात.

चुन्याने साल सुटते, दळण सोपे होते आणि मक्यात ग्लुटेन नसतानाही पिठाला चिकटपणा येतो. हे लाभ वापरणाऱ्यांना प्रत्यक्ष दिसत होते. न दिसणारा लाभ अधिक मोलाचा होता. मक्यातील नायसिन हे ब-गटातील जीवनसत्त्व अशा बद्ध स्वरूपात असते की शरीराला त्याचा फारसा उपयोग होत नाही. चुन्याच्या क्षारतेने ते मुक्त होते. शिवाय धान्यात कॅल्शियमची भर पडते आणि बुरशीजन्य विषाचे प्रमाणही घटते.

धान्याचे स्थलांतर आणि पेलाग्रा

कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर मका स्पेनमध्ये पोहोचला आणि पुढे दक्षिण युरोपभर पसरला. युरोपात पाणचक्क्या व पवनचक्क्या होत्या. कोरडा दाणा सहज दळला जात असल्याने तो चुन्यात भिजविण्याचे प्रयोजन कोणालाच जाणवले नाही. मेतातेवर काम करणाऱ्या स्त्रियांचे ज्ञान धान्याबरोबर जहाजावर चढलेच नाही.

परिणाम सावकाश प्रकट झाले. १७३५ मध्ये गास्पार कासाल या वैद्याने स्पेनमधील अस्तुरियास प्रांतात एका नव्या रोगाचे वर्णन केले. त्याचे रुग्ण मुख्यतः मक्यावर जगणारे गरीब शेतकरी होते. १७७१ मध्ये इटलीतील फ्रापोली यांनी या रोगाचे ‘पेलाग्रा’, म्हणजे खरखरीत त्वचा, हे लोकप्रचलित नाव ग्रंथबद्ध केले. त्वचेचा दाह, अतिसार, बुद्धिभ्रम आणि अखेर मृत्यू असा त्याचा क्रम असे. पोलेंता हेच ज्यांचे प्रमुख अन्न होते, त्या उत्तर इटलीतील शेतमजुरांत एकोणिसाव्या शतकात या रोगाने कहर केला. चेझारे लोम्ब्रोझो यांच्यासारख्या अभ्यासकांनी नासक्या मक्याला दोष दिला.

विसाव्या शतकाच्या आरंभी हीच आपत्ती अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांवर कोसळली. कापसाची शेती वाट्याने कसणाऱ्या कुटुंबांचा आहार मक्याचे पीठ, काकवी आणि खारवलेली डुकराची चरबी एवढाच उरला होता. १९०६ ते १९४० या काळात तेथे सुमारे ३० लाख लोकांना हा रोग झाला आणि सुमारे एक लाख लोक दगावले, असा अंदाज आहे. रोग संसर्गजन्य असल्याचा समज प्रबळ असताना डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१५ मध्ये मिसिसिपीतील तुरुंगात ११ स्वयंसेवी कैद्यांना मक्यावर आधारित निकृष्ट आहार दिला. त्यांपैकी ६ जणांत रोगाची लक्षणे दिसली. १९३७ मध्ये कॉनरॅड एल्व्हेजेम यांनी नायसिनचा उलगडा केला. पुढे १९५१ मध्ये लागुना आणि कार्पेंटर यांनी उंदरांवरील प्रयोगांतून कच्च्या व चुन्याच्या प्रक्रियेतील मक्याचा भेद दाखविला. मका हेच मुख्य अन्न असूनही मेक्सिकोत हा रोग विरळा का, याचे उत्तर त्यातून मिळाले.

दारिद्र्य आणि ताटातील सोबत

तथापि सर्व दोष प्रक्रियेच्या अभावावर टाकणे एकांगी ठरेल. दूध, अंडी, मांस, शेंगदाणे किंवा कडधान्ये आहारात असतील, तर प्रक्रिया न केलेला मकाही सहसा पेलाग्रास कारण होत नाही. १९९० मध्ये मलावीतील मोझांबिकी निर्वासितांना मिळणाऱ्या शिध्यातील शेंगदाण्यांचा पुरवठा खंडित झाला आणि १७,००० हून अधिक जणांना पेलाग्रा झाला. दख्खनच्या पठारावर ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरीब वर्गातही हा रोग आढळत असे. १९६० मध्ये हैदराबाद येथील संशोधक सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी ज्वारीतील ल्युसीन या घटकाशी त्याचा संबंध जोडला. या मांडणीवर पुढे मतभेद झाले. मात्र भाकरीसोबत डाळ, उसळ वा पिठले असण्याचे महत्त्व त्यामुळे उणावत नाही. एकाच धान्यावर भागविण्याची वेळ दारिद्र्यामुळे येते आणि अशा वेळी परंपरेतील प्रक्रिया हाच शेवटचा आधार उरतो.

परंपरा आणि स्त्रियांचे श्रम

या परंपरेचा गौरव करताना तिची किंमतही नोंदविणे आवश्यक आहे. मेतातेपुढे गुडघे टेकून रोज कित्येक तास दळण्याचे कष्ट स्त्रियांच्याच वाट्याला आले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निक्स्टमल दळणाऱ्या यांत्रिक गिरण्या मेक्सिकोच्या खेड्यांत पोहोचू लागल्या, तेव्हा हा भार हलका झाला. स्त्रिया चुन्यात भिजविलेले दाणे गिरणीत नेऊ लागल्या. येथे साधन बदलले, परंतु प्रक्रियेचा गाभा टिकून राहिला. २०१० मध्ये युनेस्कोने पारंपरिक मेक्सिकन पाककलेचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला, त्या परंपरेत निक्स्टमलचाही अंतर्भाव आहे.

निष्कर्ष

१. अन्नपरंपरा म्हणजे केवळ धान्य व पदार्थ नव्हेत. प्रक्रिया आणि ताटातील जोडपदार्थ हे तिचे अविभाज्य घटक आहेत.

२. परंपरेतील एखाद्या कृतीचे कारण सांगता न येणे म्हणजे ती कृती निरर्थक असणे नव्हे. निक्स्टमलचे पोषणमूल्य शास्त्राला उमगण्यास तीन सहस्रकांहून अधिक काळ लागला.

३. जतन करताना श्रमाची विषम वाटणी जपण्याची गरज नाही. गिरणीने ते सिद्ध केले आहे.

उत्पादनाच्या वजनानुसार मका आज जगातील अग्रगण्य तृणधान्य आहे. त्याची बियाणी, लागवड आणि बाजारभाव यांचा विपुल अभ्यास होतो. पारंपरिक धान्यांवरील घरगुती प्रक्रियांचे दस्तऐवजीकरण हे समाजशास्त्र, गृहविज्ञान, इतिहास आणि रसायनशास्त्र या विद्याशाखांनी एकत्रितपणे हाती घ्यावे असे काम आहे. ज्यांच्या हातात हे ज्ञान आहे त्या वृद्ध स्त्रिया हयात असतानाच ते होणे अगत्याचे आहे.