उठणे आणि उठवणे

आमच्या पारोळ्यातली मुले आता पुण्याला जाऊन परक्या भाषा शिकू लागली आहेत. गल्लीतल्या अशाच एका मुलीने सुटीत मला विचारले, "चाचा, स्पॅनिशमध्ये 'मी उठते' म्हणायचं तर 'मी मला उठवते' असं का म्हणावं लागतं?" प्रश्न स्पॅनिशचा, पण त्याची किल्ली आपल्या मराठीत आहे.

मराठीत मूळ क्रियापद 'उठणे'. दुसऱ्याला जागेवरून हलवायचे तर आपण त्यात 'व' घालतो: उठवणे, बसवणे, निजवणे. स्पॅनिशचा रस्ता नेमका उलटा. तिथे मूळ शब्द 'लेवान्तार', म्हणजे उठवणे किंवा उचलणे. स्वतः उठायचे तर क्रिया स्वतःकडे वळवावी लागते, म्हणून 'लेवान्तारसे'. तसेच 'सेन्तार' म्हणजे बसवणे आणि 'सेन्तारसे' म्हणजे बसणे. आपण 'व' घालून क्रिया दुसऱ्याकडे नेतो; ते 'से' लावून ती स्वतःकडे आणतात.

वापरताना हे 'से' कर्त्याप्रमाणे बदलते. 'मी' असेल तर 'मे', 'तू' असेल तर 'ते', 'तो' किंवा 'ती' असेल तर 'से', 'आम्ही' असेल तर 'नोस'. ते क्रियापदाच्या आधी येते: 'मे लेवान्तो', मी उठतो. नुसते 'लेवान्तो' म्हटले तर ऐकणारा विचारील, काय उचलतोस? 'मे लावो लास मानोस' म्हणजे मी हात धुतो. हात कोणाचे, हे 'मे'ने सांगितलेच आहे. तिथे 'माझे' हा शब्द लागत नाही. आपणही कुठे म्हणतो, 'मी माझे हात धुतो'?

ही कल्पना आपल्याला परकी नाही. संस्कृतात पुरोहित दुसऱ्यासाठी यज्ञ करतो तेव्हा 'यजति' आणि कोणी स्वतःसाठी करतो तेव्हा 'यजते'. पहिले परस्मैपद, दुसरे आत्मनेपद. आपला रोजचा 'यजमान' हा शब्द त्या आत्मनेपदातूनच आलेला. मराठीत आपण 'लिहून दे' आणि 'लिहून घे' म्हणतो, तेव्हाही क्रियेचे फळ कोणाच्या पदरात, हेच सांगत असतो.

या 'से'चा आणखी एक उपयोग आहे. 'से मे रोंपियो ला तासा', म्हणजे माझ्या हातून कप फुटला. फोडला नाही, फुटला. आमच्या अहिराणीतही 'कप फुटना' म्हणून मोकळे होता येते. हे खोटे बोलणे नव्हे. अपघाताला अपघात म्हणण्याची सोय प्रत्येक भाषेला हवीच.

पण सोयीचा आडोसाही होतो. कपाच्या बाबतीत तो चालून जातो. 'गावात दंगल पेटली' असे वाक्य वाचले की मात्र मी थबकतो. चुलीतली काडीसुद्धा आपोआप पेटत नाही. मग दंगल पेटली की पेटवली? मधे एकच 'व' आहे, आणि तो गाळला की माणूसच वाक्यातून नाहीसा होतो. परकी भाषा शिकताना निदान आपल्या भाषेतला हा 'व' दिसू लागला, तरी शिकण्याचे सार्थक झाले.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)