फळ्याजवळचा मोबाइल

निजामाच्या अंमलात, उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू असताना, आजच्या धाराशिव जिल्ह्यातील हिप्परगा या खेड्यात १९२१ साली राष्ट्रीय शाळा स्थापन झाली आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थ तिचे मुख्याध्यापक झाले. शाळेचा लौकिक शिक्षकामुळे होतो, हा या मुलुखाचा जुना अनुभव आहे. आज मराठवाड्यातील अनेक गावांनी लोकवर्गणी काढून वर्गावर्गांत टीव्ही संच आणि प्रोजेक्टर बसविले असताना, त्यांचे मोल ठरविण्यासाठी हीच कसोटी लावणे इष्ट होय.

या कसोटीला उतरलेले उदाहरण शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात सापडते. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत २००९ साली रुजू झालेले रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली आणि तेथील मुलांच्या घरची भाषा कन्नड असल्याचे ध्यानी घेऊन पाठांचा आशय त्या भाषेतही उपलब्ध केला. २०१७ साली राज्य शासनाने सर्व इयत्तांच्या पुस्तकांत असे कोड छापण्याचे जाहीर केले, आणि ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांना वाटून दिली.

मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी १९९४ मध्ये जपानात निघालेल्या या कोडची रचना सोपी आहे: ठिपक्यांच्या नक्षीत पाठाचा इंटरनेटवरील पत्ता साठविलेला असतो आणि तीन कोपऱ्यांतील ठळक चौकोनांवरून कॅमेऱ्याला दिशा कळते, म्हणून पुस्तक तिरपे धरले तरी चालते. उमरग्याकडच्या, कर्नाटकच्या सरहद्दीलगतच्या शाळांना यातील भाषेची सोय विशेष मोलाची. आणि भूम-वाशीकडून आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेले मूल कोपीत बसून, घरचा मोबाइल हाती लागल्यास, बुडालेला पाठ पुन्हा ऐकू शकते.

तथापि ऐकणे म्हणजे समजणे नव्हे. मुलाला कोठे अडले हे शिक्षकास कळावे, यासाठी प्लिकर्स नावाचे एक साधन आहे, आणि त्यास वर्गात एकच मोबाइल पुरतो. प्रत्येक मुलाजवळ वेगळ्या नक्षीचे एक कागदी कार्ड असते. त्याच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय, आणि जे उत्तर मुलास योग्य वाटेल ती बाजू वर करून कार्ड उंच धरावयाचे. समजा, बाईंनी विचारले, एक तृतीयांश भाकरी मोठी की एक चतुर्थांश? तिनापेक्षा चार मोठे म्हणून चतुर्थांश मोठा, असे समजणारी मुले हजेरीपटावर दिसत नाहीत आणि हात वर करणाऱ्या चार हुशार मुलांच्या आड ती सहज लपतात. परंतु बाईंनी वर्गावरून मोबाइलचा कॅमेरा फिरविला की कोणी कोणते उत्तर दिले ते नावानिशी त्यांच्या मोबाइलवर उमटते, आणि शेजाऱ्याचे उत्तर शेजाऱ्यास न कळल्यामुळे चुकणाऱ्याची फजितीही होत नाही.

खरे शिकणे यापुढे घडते. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझुर यांनी १९९० च्या दशकात रूढ केलेल्या पद्धतीप्रमाणे, उत्तरांत मतभेद दिसताच बरोबर उत्तर लगेच न सांगता मुलांना शेजाऱ्याची समजूत घालू द्यावी आणि मग तोच प्रश्न पुन्हा विचारावा. एक भाकरी तीन जणांत आणि दुसरी चार जणांत वाटून पाहिली, की वादाचा निवाडा मुलेच करतात. प्रश्न चांगला असेल, तर वीज गेल्यावर हेच काम पाटीवरही होते. प्रश्न निकृष्ट असेल, तर महागडा पडदाही केवळ करमणूक ठरतो.

म्हणून शाळा व्यवस्थापन समित्यांना विनंती अशी की, नव्या यंत्राच्या खरेदीस मंजुरी देण्यापूर्वी ते विक्रेत्याकडून नव्हे, तर शिक्षकाकडून वर्गात चालवून पाहावे. मुले किती वेळ पडद्याकडे पाहत होती याची नोंद न घेता ती किती बोलली, किती चुकली आणि त्या चुकीवर शिक्षकाने पुढे काय केले, हे पाहावे, आणि मगच ठरावावर सही करावी.