नेदरलँड्समध्ये आजारी पडताना

आइंडहोवन, ॲमस्टेलवीन किंवा हेगमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना तिथल्या डॉक्टरांविषयी विचारा, बहुतेक जण हसून एकच उत्तर देतात : ‘काहीही सांगा, पॅरासिटामॉल घ्या म्हणतात.’ ताप असो, कंबर धरलेली असो की घसा बसलेला असो, गोळी तीच. तीही डॉक्टर देत नाहीत, दुकानातून आणा म्हणतात. पुण्याहून किंवा नाशिकहून गेलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. आपल्याकडे सकाळी अंग तापले की संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जायचे आणि इंजेक्शन नाही तर निदान तीन रंगांच्या गोळ्या घेऊन यायचे, ही सवय. तिथे डॉक्टरांच्या आधी फोनवर गाठ पडते ती त्यांच्या सहायिकेशी. ती विचारते, ताप किती दिवसांचा? ‘कालपासून’ म्हटले की संभाषण जवळपास संपते.

आइंडहोवन हे मुळात फिलिप्सचे गाव. १८९१ मध्ये तिथे विजेचे दिवे बनवणारा कारखाना सुरू झाला आणि गावाचे शहर झाले. आता शेजारच्या फेल्डहोवनमध्ये एएसएमएल ही चिप बनवण्याची यंत्रे तयार करणारी कंपनी आहे आणि तिच्यामुळे भारतीय अभियंत्यांची मोठी वस्ती या भागात झाली आहे. त्यांचे आईवडील आमच्या ओपीडीत भेटतात. ‘मुलाकडे चाललोय, तीन महिन्यांच्या गोळ्या लिहून द्या’ म्हणतात आणि जाता जाता ‘तिकडे म्हणे डॉक्टरच भेटत नाही’ अशी तक्रारही करतात. ती तक्रार अर्धी खरी आणि अर्धी गैरसमजातून आलेली असते.

तिथली व्यवस्था उभी आहे ‘हाउसआर्ट्स’ या माणसावर. शब्दशः अर्थ घरचा डॉक्टर, आपल्या जुन्या भाषेत फॅमिली डॉक्टर. घराजवळच्या अशा एका दवाखान्यात नाव नोंदवायचे. पुढे कान दुखो की मन, पहिली भेट त्याचीच. हृदयरोगतज्ज्ञ, त्वचारोगतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ यांच्याकडे आपल्या मनाने जाता येत नाही. हाउसआर्ट्सची चिठ्ठी लागते. आरोग्य विमा सक्तीचा आहे. तिथे राहायला गेल्यापासून चार महिन्यांच्या आत तो घ्यावा लागतो आणि उशिरा घेतला तरी हप्ता पहिल्या दिवसापासूनचा भरावा लागतो. जुना आजार आहे म्हणून मूलभूत विमा नाकारायला कंपनीला परवानगी नाही, ही त्यातली फार चांगली बाजू. मोठ्या माणसाने वर्षाला पहिले ३८५ युरो मात्र स्वतःच्या खिशातून द्यायचे. हाउसआर्ट्सला भेटणे या रकमेत धरत नाहीत, पण त्याने सांगितलेली रक्ततपासणी धरतात. दोन महिन्यांनी घरी बिल येते तेव्हा अनेकांना हे कळते. मोठ्यांचे दात मूलभूत विम्यात नाहीत. सुट्टीवर आलेली मंडळी आठवडाभर दंतवैद्याच्या खुर्चीत का दिसतात, ते यावरून समजावे.

आता पॅरासिटामॉलविषयी. डॉक्टर म्हणून माझे मत स्पष्ट आहे : बहुतेक वेळा डच डॉक्टरचेच बरोबर असते. सर्दी, खोकला, घसादुखी आणि दोन-तीन दिवसांचा ताप यांत बहुतेकदा विषाणू असतो, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. तिथे अँटिबायोटिकचा वापर युरोपात सर्वांत कमी असलेल्या देशांइतका आहे आणि त्याचे फळ रुग्णालयांत दिसते. अनेक औषधांना दाद न देणारे जंतू त्यांच्याकडे कमी आहेत. म्हणूनच नुकताच परदेशातल्या रुग्णालयात भरती होऊन आलेला रुग्ण डच रुग्णालयात दाखल झाला, तर नाकातून-घशातून नमुने घेतात आणि अहवाल येईपर्यंत त्याला वेगळ्या खोलीत ठेवतात. भारतात ऑपरेशन करून गेलेल्या माणसाला हा अपमान वाटतो. तसे काही नसते. आपल्याकडच्या अतिदक्षता विभागांतले जंतू ज्याने पाहिले आहेत, तो या काळजीला हसणार नाही.

त्यामुळे बॅगेत ॲझिथ्रोमायसिनच्या चार पट्ट्या नेऊन तिथे आपल्या मनाने घेणे बंद करा. हे मी कितीदा सांगतो आणि कितीदा ऐकले जात नाही, तो हिशेब सोडून देऊ.

काही लक्षणांत मात्र थांबायचे नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर लगेच फोन करायचा, मग रात्र असो की रविवार. मूल सुस्त पडले, धाप लागली, पिणे फारच कमी झाले, अंगावर दाबल्यावर न जाणारे लालसर ठिपके आले किंवा ताप तीन दिवसांपुढे गेला, तरी तसेच. दवाखाना बंद झाल्यावर त्या भागातल्या रात्रपाळीच्या केंद्राला, म्हणजे ‘हाउसआर्ट्सनपोस्ट’ला, आधी फोन करून जायचे. जिवावर बेतले असेल तर ११२.

खरी अडचण येते ती बोलण्यात. ही सगळी व्यवस्था फोनवरच्या शब्दांवर चालते. सहायिका ठरलेले प्रश्न विचारते आणि तुमच्या उत्तरांवरून किती घाई आहे ते ठरवते. आपण मात्र दोन टोकांचे. एक तर ‘थोडे बरे वाटत नाही’ असे गुळमुळीत सांगतो, नाही तर चिडून ‘मला तज्ज्ञच हवा’ म्हणतो. दोन्ही तिच्या कामाचे नाही. तिला काय उपयोगी पडते? ‘जिना चढताना छातीवर दाब येतो, थांबलो की जातो, गेल्या आठवड्यापासून रोज होतंय’ हे वाक्य. ‘काल रात्रीपासून सहा उलट्या, लघवी एकदाच’ हे वाक्य. डच माणूस स्पष्ट बोलतो आणि समोरच्यानेही स्पष्ट बोलावे अशी त्याची अपेक्षा असते. संकोचाने गाळलेले तो ओळखून घेत नाही.

छातीच्या दुखण्याबाबत हे फार महत्त्वाचे आहे. दक्षिण आशियाई लोकांना हृदयविकाराचा झटका युरोपीय लोकांपेक्षा साधारण पाच ते दहा वर्षे आधी येतो. चाळिशीचा, सडसडीत दिसणारा, रोज सायकलने ऑफिसला जाणारा इंजिनीअर धोक्याचा रुग्ण वाटत नाही. म्हणून हे तुम्हीच सांगायचे : माझे मूळ भारतातले, वडिलांना पन्नाशीच्या आत ॲटॅक आला होता, मला साखर आहे. आणि बसल्या जागी छातीत दाब येऊन तो जात नसेल, घाम फुटला असेल, हात किंवा जबडा भरून आला असेल, तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून हाउसआर्ट्सच्या वेळेची वाट पाहू नका, थेट ११२. मधुमेही माणसांत आणि बायकांत दुखणे नसतेही, नुसती धाप आणि थकवा असतो.

डच डॉक्टरांना भारतीय शरीर अगदीच अनोळखी आहे, असे मात्र नाही. १८७३ पासून ब्रिटिश भारतातून, मुख्यतः बिहार आणि उत्तर प्रदेशाच्या भागातून, मजूर करारावर सुरीनाम या डच वसाहतीत नेले गेले. १९७५ मध्ये सुरीनाम स्वतंत्र झाले, त्या सुमारास त्यांचे असंख्य वंशज नेदरलँड्सला आले. हेग हे त्यांचे मोठे केंद्र. या ‘हिंदुस्तानी’ लोकांमध्ये मधुमेहाचे प्रमाण मूळच्या डच लोकांच्या कितीतरी पट असल्याचे तिथल्या संशोधकांनी पुन्हा पुन्हा दाखवले. तिथल्या फॅमिली डॉक्टरांच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. त्यांतले पहिलेच, १९८९ चे, मधुमेहावर होते. त्यांत हिंदुस्तानी वंशाच्या माणसांची साखर इतरांपेक्षा लवकर, पस्तिशीपासून तपासायला सांगितले आहे. हा नियम तुम्हालाही लागू आहे, तो मागून घ्या. वजन ‘नॉर्मल’ आहे म्हणून गाफील राहू नका. आपल्या लोकांसाठी बीएमआयची रेषा २५ वर नसून २३ वर धरतात. हेगमधल्या या मंडळींच्या दुकानांत कारली, शेवग्याच्या शेंगा आणि भेंडी मिळते, हा फायदा आणखी वेगळा. आणि साध्या सुपरमार्केटात ‘कारनेमेल्क’ नावाने ताक मिळते. नवीन गेलेला माणूस ते दूध समजून चहात घालतो.

सायकलचा व्यायाम उत्तमच. त्या देशात माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत. पण चाळिशीत पहिल्यांदा वाऱ्यापावसात सायकल हाणणाऱ्याने डच माणसाकडे पाहून हेल्मेट टाळू नये. तो चालायला लागल्यापासून सायकलवर आहे.

उन्हाचा प्रश्न मोठा. पुणे साधारण साडेअठरा अक्षांशांवर, आइंडहोवन एकावन्नच्या पुढे. डिसेंबरच्या अखेरीस सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि साडेचारला मावळतो, आणि मधल्या उन्हातही ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण जवळजवळ नसतात. सावळ्या त्वचेला तर उन्हाळ्यातही जास्त ऊन लागते. म्हणून तिथल्या सरकारी आरोग्य परिषदेचा सल्ला आहे की सावळ्या त्वचेच्या माणसांनी, गर्भवतींनी आणि चार वर्षांखालच्या मुलांनी रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट, ड जीवनसत्त्व घ्यावे. सत्तरीपुढे त्याच्या दुप्पट. आपली मंडळी मात्र इथून ६०,००० युनिटच्या पुड्यांचे खोके नेतात आणि दर रविवारी नेमाने वर्षभर घेत राहतात. तो डोस कमतरता भरून काढण्यासाठी काही आठवडे असतो. वर्षानुवर्षे घेतला तर रक्तातले कॅल्शियम वाढते, मूत्रपिंडाला इजा होते.

मिठाची गंमत कमी लोकांना ठाऊक असते. आपल्याकडे खाण्याच्या मिठात आयोडीन घालणे बंधनकारक आहे. तिथे आयोडीन पोटात जाते ते मुख्यतः ब्रेडमधून, कारण बेकरीवाले आयोडीनयुक्त मीठ वापरतात. दुकानातल्या मिठाच्या प्रत्येक डब्यात ते असतेच असे नाही. समुद्री मिठात सहसा नसते. घरी पोळी-भाजी खाणारे, मासे न खाणारे, ब्रेडला हात न लावणारे कुटुंब अशा मिठावर वर्षे काढते, त्यात कोणी गर्भवती असेल तर प्रश्न बाळाच्या मेंदूच्या वाढीचा होतो. डब्यावर ‘योडियम’ (स्पेलिंग जे अक्षराने सुरू होते) लिहिले आहे का, तेवढे पाहायचे.

भारतात सुट्टी घालवून परतल्यावर ताप आला, तर फोनवर पहिले वाक्य तेच असावे : ‘मी दहा दिवसांपूर्वी भारतातून आलो.’ मलेरिया, डेंग्यू, टायफॉइड या गोष्टी डच हाउसआर्ट्सच्या डोळ्यासमोर रोज नसतात. सांगितल्या तर तो लगेच तपासतो. अशा तापात पॅरासिटामॉल घेऊन तीन दिवस थांबण्याचा नियम नाही. तिथे जन्मलेल्या मुलांबाबत तर दुप्पट सावध राहा. आजीच्या गावचे पाणी आपल्याला बाधले नाही, म्हणून त्यांना बाधणार नाही असे नाही.

आईवडिलांना बोलावताना शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवासी विमा लागतो. पण त्यात जुने आजार बहुधा वगळलेले असतात, म्हणजे ज्यासाठी विमा हवा तेच नेमके नसते. ती ओळ वाचून मग पॉलिसी घ्या. औषधे पूर्ण मुक्कामाची न्या आणि सोबतच्या चिठ्ठीवर मूळ रासायनिक नाव लिहून घ्या. आपल्या कंपन्यांची नावे तिथे कोणालाच कळत नाहीत. मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन म्हटले की लगेच कळते. झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांचे इंग्रजीतले पत्र हवेच.

हे आईवडील बहुतेकदा जातात ते बाळंतपणासाठी, आणि तिथे खरी दोन घराण्यांची गाठ पडते. डच पद्धतीत निरोगी गर्भवतीला तपासते ती प्रसूतिसेविका, चार वर्षांचे शिक्षण घेतलेली. डॉक्टर अडचण असेल तरच. आजही तिथल्या शंभरातल्या दहाहून अधिक बायका घरीच बाळंत होतात. रुग्णालयात झाली तरी सारे ठीक असेल तर काही तासांत घरी पाठवतात. आपली आजी हादरते. पण दुसऱ्या दिवशी दारात ‘क्रामझोर्ख’ची प्रशिक्षित बाई उभी राहते. आठवडाभर रोज काही तास येऊन ती बाळाचे वजन-तापमान पाहते, टाके पाहते, दूध पाजायला शिकवते, कपडेही धुते. ही सोय विम्यात असते, ताशी थोडे पैसे भरावे लागतात आणि गर्भारपणाच्या सुरुवातीलाच नाव नोंदवावे लागते. बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन जन्मजात आजारांची तपासणीही घरीच होते.

ही बाई आणि आपली आजी यांचे काही जुळते, काही नाही. बाळाच्या पाळण्यात ऊब राहावी म्हणून ती गरम पाण्याची धातूची बाटली ठेवते, तेव्हा आजीला शेगडी आठवते. बाळ झाल्यावर डच लोक टोस्टवर साखरेत घोळलेली बडीशेपेसारखी ॲनिस लावून वाटतात. तिने दूध वाढते, असा त्यांचा जुना समज. आपल्या बाळंतशेपेच्याच कुळातली ती. पण बाळाला पाठीवर, उशी-दुपट्ट्याशिवाय, वेगळे निजवण्यावर ती ठाम असते आणि तिथे आजीने ऐकावे. झोपेत होणारे बालमृत्यू त्याने कमी झाले आहेत. काजळ, मधाचे बोट आणि ग्राइप वॉटरही नको : काजळात शिसे सापडते, मधाने लहान बाळाला बॉट्युलिझम होऊ शकतो. तेलाची हलकी मालीश खुशाल करा.

बीसीजी ही लस तिथल्या मुलांना सरसकट देत नाहीत. आई किंवा बाबा भारतासारख्या क्षयरोग जास्त असलेल्या देशातले असतील तर मात्र दिली जाते. गोवराची लस तिथे चौदाव्या महिन्यात असते. त्याआधी भारतात यायचे असेल तर सहा महिन्यांनंतर एक जादा डोस लवकर घेता येतो. तिकीट काढण्यापूर्वी बालआरोग्य केंद्रात या दोन्हींचे विचारून घ्या.