स्वस्त तांबडी वाईन कशी पारखावी?

द्राक्ष बागायतदार बंधूंनो, २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर आपल्यापैकी अनेकांनी वाईनच्या जाती लावल्या. तेव्हा पुण्याच्या दुकानातील स्वस्त बाटलीही पारखता यावी. प्रथम साल पाहावे. अशी वाईन मुरवण्यासाठी नसते, दोन-तीन वर्षांत संपवावी. मे महिन्यात उन्हाच्या फळीवर तापलेली बाटली घेऊच नये. शिराझ, कॅबर्नेचा रस सालीसकट आंबवतात, त्यातून रंग येतो. थॉमसन सीडलेसपासून तो मिळणार नाही. ताज्या वाईनला विटकरी छटा आल्यास हवा लागली असे समजावे. शिरक्यासारखा उग्र वास म्हणजे ॲसेटिक आम्ल वाढलेले. किंचित तुरटपणा मात्र दोष नव्हे, ते सालीतील टॅनिन. फार गोड वाईनमध्ये साखरेआड दोष लपतात, म्हणून मी ती टाळतो. उघडलेली बाटली बूच लावून थंड जागी ठेवावी व तीन-चार दिवसांत संपवावी.